मैल्याचा गॅस, कचऱ्याची भर

नाशिकजवळ विल्होळी परिसरात २०१७च्या अखेरीस महापालिकेचा एक प्रकल्प सुरू झाला. हॉटेलांतलं उरलंसुरलं अन्न एका बाजूने येणार, सार्वजनिक शौचालयांच्या टाक्या उपसून आणलेला मैला दुसऱ्या बाजूने येणार, दोन्ही कालवून हवाबंद टाकीत कुजवायचे आणि निघालेल्या गॅसवर वीज करायची. क्षमता दिवसाला सुमारे ३० टनांची, वीज रोज ३,३०० युनिटच्या घरात, पैशाचा मोठा भाग जर्मन सरकारच्या हवामानविषयक निधीतला आणि मार्गदर्शन ‘जीआयझेड’ या जर्मन संस्थेचं. मैला आणि ओला कचरा शहराच्या पातळीवर असा एकत्र चालवणारा देशातला पहिला प्रकल्प म्हणून त्याचं कौतुक झालं. पुढे तो अडखळला, पण त्यात जिवाणूंचा दोष नव्हता. निवडलेला ओला कचरा ठरल्याइतका पोचेना, ही अडचण होती.

सांडपाण्याच्या गाळात इतर जैविक कचरा मिसळून गॅस काढण्याच्या साऱ्या विषयाचं सार या अडचणीत आहे. त्यातलं जीवशास्त्र बऱ्यापैकी सुटलेलं आहे, यंत्रं बाजारात मिळतात. सुटत नाही ते एवढंच: कचरा कुणाच्या ताब्यात, मैला कुणाच्या ताब्यात, आणि शेवटी टाकीतून बाहेर पडणारा रबडा कुणाच्या गळ्यात. आपल्या महापालिकांमध्ये पहिला प्रश्न घनकचरा विभागाचा, दुसरा मलनिस्सारण विभागाचा आणि तिसरा कुणाचाच नाही.

माटुंग्यापासून देहूपर्यंत

मैल्याच्या गॅसचा आपल्याकडचा इतिहास शेणाच्या गॅसपेक्षा जुना आहे. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात, म्हणजे आजच्या वडाळ्याच्या अ‍ॅकवर्थ रुग्णालयात, १८९७ साली मैल्याच्या टाक्यांवर गॅस धरण्याची सोय करून त्यावर इंजिन चालवलं गेलं. मुंबई महापालिकेचे ड्रेनेज इंजिनिअर सी. कारकीट जेम्स यांचा हा उद्योग. बायोगॅसवरच्या अनेक लेखांत माटुंग्याचं साल १८५९ दिलेलं असतं आणि ते एकमेकांवरून उतरवलं जातं. आश्रमच मुळी १८९० साली सुरू झाला, एवढं पाहिलं असतं तरी पुरलं असतं. त्याच सुमाराला, १८९५ साली, इंग्लंडमधल्या एक्सेटर गावात डोनाल्ड कॅमेरॉन याने आपल्या सेप्टिक टाकीतल्या गॅसवर दिवे लावले होते. म्हणजे मुंबई जगाच्या फार मागे नव्हती.

स्वातंत्र्यानंतर गॅसचा विचार गोठ्याकडे वळला. जशभाई पटेलांचं ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र, मग खादी ग्रामोद्योग आयोगाने गावोगाव नेलेला तरंगत्या टोपाचा गोबरगॅस, हा सगळा प्रवास शेणाचा. माणसाच्या मैल्याचं नाव घेणारे थोडे, आणि त्यांतले दोन ठळक मराठी. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाई आणि सोनखत हा आयुष्याचा विषय केला. देहूत डॉ. सुहास मापुसकर १९५९च्या सुमाराला सरकारी दवाखान्यात आले आणि जंतांच्या, हगवणीच्या रोग्यांवर तीच ती औषधं देऊन कंटाळले. मग त्यांनी संडासाला जोडलेली ‘मलप्रभा’ ही गॅसटाकी विकसित केली. संडासाच्या गॅसवर शिजलेलं खायचं की नाही, हा त्या काळी चेष्टेचा विषय नव्हता. घराघरांत त्यावर वाद होत. मापुसकर तो वाद वर्षानुवर्षं चिकाटीने लढले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

या पिढीने व्यवहारात धरलेला एक आकडा अजून उपयोगी आहे: माणशी दिवसाला सुमारे एक घनफूट गॅस, म्हणजे २५ ते ३० लिटर. पाच माणसांच्या घराचा सगळ्यांचा मिळून गॅस सव्वाशे-दीडशे लिटर. त्यावर चहा होतो, स्वयंपाक पुरा होत नाही. मैल्यात गॅस आहे, पण कमी आहे. त्यात दुसरं काही मिसळावं ही कल्पना या कमतरतेतूनच येते. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. शेण सोडून खरकटं, पीठ, खराब झालेलं धान्य टाकीत घातलं, तर थोड्या मालात कितीतरी अधिक गॅस मिळतो हे त्यांनी घरगुती संयंत्रावर दाखवलं आणि त्यासाठी संस्थेला २००६ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. जिवाणूंना शेण आवडतं असं आपण मानत होतो. गाईने पचवून उरलेला माल म्हणजे शेण, तेव्हा त्यात ऊर्जा उरणार तरी किती?

टाकीच्या आत

हाच न्याय सांडपाण्याच्या गाळाला लागू आहे. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात दोन प्रकारचा गाळ निघतो. हवा द्यायच्या आधी पाणी थोडा वेळ स्थिर ठेवलं की तळाशी बसतो तो पहिला, कच्चा गाळ: विष्ठा, अन्नकण, कागदाचे तंतू, तेलकट अंश. तो गॅसच्या दृष्टीने चांगला. नंतर पाण्यात हवा सोडून जिवाणूंकडून विरघळलेली घाण खाववतात. ते जिवाणू खाऊन वाढतात आणि त्यांची शरीरं तळाशी बसतात, तो दुसरा गाळ. त्यांच्या पेशीभित्तिका चिवट असतात आणि हवा नसलेल्या टाकीतल्या जिवाणूंना त्या फोडायला वेळ लागतो. या दुसऱ्या गाळातल्या दर किलो सेंद्रिय भागातून ढोबळमानाने ०.१५ ते ०.२५ घनमीटर मिथेन निघतो. कच्च्या गाळातून ०.३च्या वर. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून ०.४ ते ०.५. आणि हॉटेलांच्या नाल्यांत साठणाऱ्या तेला-तुपाच्या थरातून त्याच्याही दीडपट-दुप्पट.

मग नुसतं अन्नच का घालू नये? कारण नुसत्या पक्वान्नांवर ठेवलेल्या माणसासारखी टाकी आजारी पडते. अन्न भराभर कुजतं, त्यातून आम्लं तयार होतात. मिथेन करणारे जिवाणू सावकाश वाढणारे आणि नाजूक, त्यांना सामू साधारण ६.८ ते ७.४ हवा. आम्लं साठली की ते थांबतात, ते थांबले की आम्लं आणखी साठतात, आणि चार दिवसांत टाकी आंबट होऊन बसते. ती पुन्हा मार्गावर आणायला महिने जातात. सांडपाण्याच्या गाळात आम्ल झेलण्याची क्षमता भरपूर असते. शिवाय मिथेनकर्त्या जिवाणूंना कोबाल्ट, निकेल, मॉलिब्डेनम, सेलेनियम अशा धातूंचे अगदी थोडे अंश लागतात. ते अन्नाच्या कचऱ्यात अपुरे असतात, गाळात मिळतात. उलट गाळात नायट्रोजन जास्त: कर्ब-नत्र गुणोत्तर दहाच्याही खाली, तर टाकीला सोयीचं वीस ते तीस. अन्न आणि भाजीपाला ते वर खेचतात. दोघांची उणीव दोघं भरून काढतात.

तिसरं कारण कमी सांगितलं जातं, पण माझ्या मते सर्वांत वजनदार तेच आहे. गाळात ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असतं. ३५ ते ३७ अंश तापमानाला गाळ वीसेक दिवस ठेवायचा म्हणून प्रचंड टाक्या बांधायच्या, आणि त्यांतली बहुतेक जागा पाण्याने अडवायची. ओल्या कचऱ्यात घन भाग २० टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे टाकीत घातलेल्या मालाच्या आकारमानात दहा टक्क्यांची भर घातली तरी गॅसमध्ये मोठी वाढ होते, तीही नवी टाकी न बांधता.

थोडा हिशेब मांडून पाहू. दहा लाख वस्तीच्या शहरात सगळं मैलापाणी केंद्रापर्यंत पोचलं, तर माणशी २० ते २५ लिटर धरून दिवसाला २० ते २५ हजार घनमीटर गॅस. त्याच माणसांचा ओला कचरा माणशी पाव किलो धरला आणि टनाला १०० घनमीटर गॅस, तर पुन्हा साधारण २५ हजार घनमीटर. म्हणजे एका माणसाच्या ताटातलं आणि स्वयंपाकघरातलं उरलेलं जवळपास तेवढाच गॅस देतं, जेवढा त्याचा मैला देतो. एक घनमीटर गॅसवर इंजिनातून दोन युनिट वीज धरली, तर दोन्ही मिळून रोज नव्वद हजार ते एक लाख युनिट. हे कागदावरचे कमाल आकडे आहेत. निम्मा ओला कचरा निवडून मिळाला तरी ते यश म्हणावं. पण शुद्धीकरण केंद्राचं स्वतःचं वीजबिल प्रामुख्याने हवा फुंकण्याचं असतं, आणि ते यातून बऱ्याच अंशी निघू शकतं, एवढा निष्कर्ष यातून काढायला हरकत नाही.

ओकलंडच्या रिकाम्या टाक्या

परदेशातल्या उदाहरणांत सगळ्यांत शिकण्यासारखं कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचं. तिथल्या ‘ईस्ट बे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट’ने केंद्र बांधलं तेव्हा परिसरात फळं-भाज्या डबाबंद करणारे कारखाने होते आणि त्यांचं घाण पाणी लक्षात घेऊन डायजेस्टर, म्हणजे कुजवण्याच्या टाक्या, मोठे ठेवले होते. पुढे कारखाने उठून गेले आणि टाक्या अर्ध्या रिकाम्या राहिल्या. २००२च्या सुमारापासून त्यांनी बाहेरचा माल टँकरने घ्यायला सुरुवात केली: सेप्टिक टाक्यांचा उपसा, दूधप्रक्रिया आणि द्राक्षमद्य उद्योगाचं सांडपाणी, कोंबड्यांच्या कत्तलखान्यातलं रक्त, हॉटेलांचं तेल, मग उरलेलं अन्न. २०१२ साली ते स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त वीज करणारं उत्तर अमेरिकेतलं पहिलं सांडपाणी केंद्र ठरलं. त्यांच्याच अभ्यासात कोरड्या वजनाच्या हिशेबाने अन्नकचऱ्याने गाळाच्या तिप्पट मिथेन दिला.

या गोष्टीत दोन तपशील आहेत जे आपल्याकडच्या भाषणांत गळतात. एक, टाक्या आधीच होत्या. दुसरा, टँकर घेऊन येणारा माल टाकण्याची फी भरतो. कमाईत या फीचा वाटा मोठा आहे, नुसत्या विजेवर हे गणित उभं राहिलं नसतं. आपल्याकडे कचरा टाकणाऱ्याने पैसे द्यायचे ही गोष्ट अजून अपमानासारखी वाटते. कचऱ्याची वीज होते म्हटल्यावर तर लोक उलट भाव मागतात.

ऑस्ट्रियातल्या झिलरटाल खोऱ्यात स्ट्रास हे छोटं केंद्र आहे. स्कीच्या हंगामात प्रवाशांनी गजबजणाऱ्या त्या भागात पाहुण्यांच्या ताटांतला कचरा भरपूर. पण स्ट्रासने २००५ साली ऊर्जेत स्वयंपूर्णता गाठली ती आधी खर्च कमी करून: हवा मोजून दिली, कच्चा गाळ जास्तीत जास्त वेगळा काढला, गाळाच्या पाण्यातला अमोनिया कमी ऊर्जेत काढणारी पद्धत २००४ साली बसवली. अन्नकचरा वाढला तो नंतर, आणि मग ते केंद्र शिल्लक ऊर्जा करू लागलं. डेन्मार्कमध्ये आरहूस शहराच्या मार्सेलिसबोर्ग केंद्राने तर बाहेरचा कचरा न घेताच गरजेपेक्षा जास्त ऊर्जा निर्माण करून दाखवली. एकत्र कुजवण्याच्या उत्साही पुरस्कर्त्यांना हे उदाहरण अडचणीचं आहे आणि म्हणूनच ते सांगायला हवं. पंखे बेफाम चालू ठेवून वर कचऱ्याची भर घालणं म्हणजे गळक्या पिंपात पाणी ओतणं नव्हे तर काय?

त्याच डेन्मार्कमध्ये ग्रिंडस्टेडच्या केंद्राने १९९७पासून घराघरातला जैविक कचरा गाळात मिसळला. पुढच्या विस्तारानंतर ते बिलुंड बायोरिफायनरी म्हणून ओळखलं जातं. न्यूयॉर्कने ब्रुकलिनमधल्या न्यूटाउन क्रीकच्या अंड्याच्या आकाराच्या आठ टाक्यांत अन्नाचा लगदा घालायला सुरुवात केली, पण गॅस शुद्ध करून शहराच्या नळात सोडण्याचं काम वर्षानुवर्षं रखडलं आणि तोवर गॅस जळून जात राहिला. ब्रिटनमध्ये गंमत वेगळी. तिथे गाळ आणि अन्नकचरा दोन्हींचे डायजेस्टर भरपूर, पण नियम वेगवेगळे. अन्नापासूनचं खत एका प्रमाणपत्रावर विकता येतं, त्यात गाळाचा थेंब पडला की सगळा माल गाळाच्या नियमाखाली जातो. म्हणून शेजारीशेजारी असलेल्या टाक्याही मिसळत नाहीत.

आपल्या केंद्रांचं काय?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातल्या शहरांचं सांडपाणी दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर, उभारलेली क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३६. आधी मैला केंद्रापर्यंत येऊ द्या, मग गॅसचं बोलू, असं कुणी म्हटलं तर त्याला खोडून काढता येत नाही.

पण जी केंद्रं आहेत, त्यांतल्या कितींत कुजवता येण्याजोगा गाळ आहे? इथे गेल्या दीड-दोन दशकांतली एक निवड आडवी येते. जागा कमी, निविदा सुटसुटीत, पाणी स्वच्छ, म्हणून महाराष्ट्रासह देशभर ‘एसबीआर’ पद्धतीची, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने हवा देऊन निवळवणारी, केंद्रं पसरली. त्यांत बहुतेक ठिकाणी सुरुवातीची निवळण टाकी नसते. कच्चा गाळ वेगळा निघतच नाही. सगळी घाण हवेतल्या जिवाणूंना खाऊ घातली जाते आणि गाळ लांबच्या मुक्कामात स्वतःलाच खात राहतो. उरतो तो थकलेला, गॅसला निकामी गाळ. शिवाय गॅसमध्ये मिळाली असती ती ऊर्जा फुकट गेली आणि वर पंख्याची वीज खर्ची पडली. अशा केंद्रात डायजेस्टर जोडणं म्हणजे नवं केंद्र बांधण्यासारखंच. त्यापेक्षा जुन्या पद्धतीची, निवळण टाकी आणि डायजेस्टर असलेली केंद्रं अधिक आशेची: सुरतेचं अंजना, जिथे २००० नंतरच्या पहिल्याच दशकात सांडपाण्याच्या गॅसवर अर्ध्या मेगावॉटचं इंजिन बसलं, किंवा चेन्नईची कोडुंगैयूर, पेरुंगुडी वगैरे केंद्रं, जी गॅस इंजिनांवर आपल्या विजेचा मोठा भाग भागवतात.

गंगा आणि यमुना कृती योजनांत यूएएसबी या पद्धतीवर भर होता: सांडपाणीच हवेशिवाय कुजवायचं. पातळ सांडपाण्यात मिथेनचा मोठा भाग पाण्यात विरघळून निघून जातो, त्यामुळे गॅस हाती फार लागला नाही. कानपूरच्या जाजमऊचा अनुभव तर मिसळण्याच्या बाबतीतला धडाच आहे. तिथे १९९०च्या दशकात २७ दशलक्ष लिटर घरगुती सांडपाण्यात ९ दशलक्ष लिटर चामड्याच्या कारखान्यांचं पाणी मिसळून चालवायचं केंद्र उभं राहिलं. चामड्याच्या पाण्यात सल्फेट आणि क्रोमियम. सल्फेटमुळे मिथेनऐवजी गंधकाचा विषारी वायू वाढतो, आणि क्रोमियम गाळातून व पाण्यातून खालच्या गावांच्या शेतांत गेलं. जैविक कचरा म्हणजे टाकीत जाण्यायोग्य कचरा, हे समीकरण तिथे चुकलं. महाराष्ट्रात औद्योगिक वसाहतींचं पाणी आणि शहराचं पाणी एकाच नाल्यात येणारी गावं कमी नाहीत. मिसळायच्या आधी गाळातले धातू तपासले नाहीत, तर पुढचं खत कुणी घेऊ नये असंच निघेल.

सेप्टिक टाक्यांच्या उपशाची बाबही नीट समजून घ्यायला हवी. आपल्या गावांत टाकी भरून वाहू लागल्याशिवाय मैलागाडी बोलावली जात नाही, म्हणजे माल तीन, पाच, दहा वर्षं आधीच कुजलेला. त्यातला गॅस बहुतेक हवेत गेला. विल्होळीच्या प्रकल्पात सार्वजनिक शौचालयांचा मैला घेण्यात शहाणपण होतं ते यामुळे. तिथल्या टाक्या लवकर भरतात, वारंवार उपसल्या जातात आणि माल ताजा असतो. सातारा जिल्ह्यातल्या वाईने २०१८पासून घराघरातल्या सेप्टिक टाक्या ठरावीक पाळीने उपसायची पद्धत सुरू केली. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरमध्येही मैलागाळ प्रक्रिया केंद्र आहे. या दोन्ही ठिकाणी हेतू गॅसचा नाही, मैला नदी-नाल्यात न जाण्याचा आहे. पण पाळी लहान केली, तर असा गाळही जवळच्या भाजीमंडईच्या कचऱ्याबरोबर चालवता येईल.

मंडईचा उल्लेख मुद्दाम केला. घराघरातून आलेला ओला कचरा निवडून मिळवणं हे आपल्याकडचं सर्वांत कठीण काम. पिशव्या, पॅड, काचा, नारळाच्या करवंट्या, बॅटरीचे सेल, सगळं त्यात. पुण्याने प्रभागाप्रभागांत साधारण पाच-पाच टनांचे बायोगॅस प्रकल्प उभारले, आणि त्यांतले बरेचसे बंद पडल्याच्या किंवा तोकड्या क्षमतेने चालल्याच्या तक्रारी नागरिकांच्या संघटना वर्षानुवर्षं करत आल्या. पाच टनांचा प्रकल्प चालवायला जेवढी जाणकार माणसं लागतात, साधारण तेवढीच पन्नास टनांच्या प्रकल्पाला लागतात. छोट्या प्रकल्पांचा आपल्याला सोस आहे, कारण प्रत्येक नगरसेवकाला एक उद्घाटन मिळतं. मोठा, शुद्धीकरण केंद्राच्या आवारातला, रोज रसायनतज्ज्ञ असलेल्या जागेतला एकच प्रकल्प मला अधिक भरवशाचा वाटतो. आणि सुरुवात घरांपासून न करता मंडया, हॉटेलं, मंगल कार्यालयं, वसतिगृहं, दूध संघ, मासळी बाजार अशा ठिकाणांपासून. तिथे एकाच जागी एकाच जातीचा माल टनांनी मिळतो आणि चुकणाऱ्याला नाव घेऊन दंड करता येतो. इंदूरचा २०२२ साली सुरू झालेला दिवसाला ५५० टनांचा बायो-सीएनजी प्रकल्प गाळावर चालत नाही, पण कचरा निवडून आणण्याची शिस्त आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम त्याने पाळला.

चालवणाऱ्यांच्या तक्रारी

केंद्रावर काम करणाऱ्यांशी बोललं तर गॅसच्या टक्केवारीपेक्षा वाळूचा विषय आधी निघतो. आपल्या कचऱ्यात माती फार. ती तळाशी साठते, टाकीचं काम करणारं आकारमान दरवर्षी कमी होतं, पंपांची पाती झिजतात. वर प्लॅस्टिकचा आणि केसांचा थर तरंगतो. तेलाचा हप्ता एकदम जास्त झाला की फेस येतो, आणि फेस गॅसच्या नळात शिरला की दिवसभर धावपळ. तेल म्हणून थेंबाथेंबाने, पण रोज द्यायचं असतं. लग्नसराईत दुप्पट आणि अधिक महिन्यात काहीच नाही, असं चालत नाही.

गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याने इंजिन खराब होतं ही किरकोळ बाब. गटारात आणि टाकीत उतरलेल्या माणसांना तो क्षणात मारतो ही खरी बाब. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३चा, आणि तरी मृत्यू थांबलेले नाहीत. कुणीही टाकीत न उतरता वाळू काढता येईल अशी रचना निविदेतच नसेल, तर तो प्रकल्प कितीही हिरवा असो, मंजूर करू नये.

एक छुपा खर्चही आहे. अन्नातला नायट्रोजन कुजून अमोनिया होतो आणि गाळ पिळल्यावर निघणाऱ्या पाण्यातून केंद्राच्या सुरुवातीला परत येतो. ज्या केंद्राला नायट्रोजनची मर्यादा पाळायची आहे, तिथे हे पाणी शुद्ध करायला पुन्हा वीज लागते. गॅसचा ताळेबंद मांडताना हा रकाना बहुधा कोरा असतो.

उरलेला रबडा

कुजवून वस्तुमान नाहीसं होत नाही. सेंद्रिय भागाचा साधारण निम्मा गॅस होतो, बाकीचं पाणी, माती, खत-द्रव्यं आणि रोगजंतू उरतात. ३५ अंशाच्या टाकीत जंताची अंडी बऱ्याच प्रमाणात तगून राहतात. ती मारायची तर ५५ अंशाला चालणारी टाकी हवी किंवा माल ७० अंशाला तासभर तापवायला हवा. मापुसकरांच्या देहूतली जंतांची लढाई शहराने हरायची नसेल, तर हा टप्पा टाळता येणार नाही. इंजिनाच्या उष्णतेवर तो भागतो, फक्त तो आराखड्यात आधीच असावा लागतो. गाळ आधी दाबाखाली १६० अंशाच्या आसपास शिजवण्याची पद्धत नॉर्वेतल्या हामारला १९९५ साली सुरू झाली. त्याने जंतूही मरतात आणि चिवट पेशी फुटून गॅसही वाढतो, पण यंत्रणा महाग.

जगाचा कल गाळ शेतात टाकण्याविरुद्ध चालला आहे. स्वित्झर्लंडने २००६ साली त्यावर बंदी आणली. जर्मनीने मोठ्या केंद्रांना २०२९पासून गाळातला फॉस्फरस परत मिळवण्याचं बंधन घातलं आहे. अमेरिकेत मेन राज्याने २०२२ साली, कधीच न कुजणाऱ्या ‘पीफास’ रसायनांमुळे, गाळ जमिनीवर पसरायला बंदी केली. आपल्याकडे चित्र उलटं आहे: शेतांतला सेंद्रिय कर्ब घटलेला, खतांचं अनुदान डोईजड, आणि शहराच्या वेशीवरचे शेतकरी आजही गाळ नेतात, बहुधा कोणत्याही तपासणीशिवाय. स्वच्छ अन्नकचरा आणि धातूंनी दूषित गाळ एकत्र केल्यावर खताच्या दृष्टीने दोन्ही गाळच होतात. म्हणून औद्योगिक पाणी येणाऱ्या केंद्रात मिसळू नये आणि निव्वळ घरगुती पाण्याच्या केंद्रात मिसळावं, असा साधा भेद धोरणात करायला हवा. तो मला कुठे ठळकपणे दिसत नाही.

पैशाची बाजू

केंद्र सरकारची बायोगॅससाठीची ‘सतत’ योजना १ ऑक्टोबर २०१८ला जाहीर झाली तेव्हा २०२३पर्यंत ५,००० प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन गॅसचं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्ष त्याच्या पासंगालाही पोचलं नाही. सुरुवातीला तेल कंपन्यांनी किलोला ४६ रुपये हमीभाव दिला, नंतर तो वाढवला. नैसर्गिक गॅसमध्ये असा गॅस मिसळण्याची सक्ती २०२५-२६मध्ये एक टक्क्यापासून सुरू करून २०२८-२९पर्यंत पाच टक्क्यांवर न्यायची असं ठरलं आहे. यामुळे साखर कारखान्यांच्या प्रेसमडला, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या मळीला, पिकांच्या अवशेषांना, अगदी गवतालाही गिऱ्हाईक मिळालं. महाराष्ट्रातली गुंतवणूक साहजिकच उसाच्या पट्ट्यात गेली. प्रेसमड एका ठिकाणी ढिगाने मिळतो, वास सोडला तर त्याचा त्रास नाही आणि मालक एकच. त्याच्यापुढे शहराचा गाळ-कचरा गुंतवणूकदाराला नकोसा वाटतो.

तेव्हा शहरांतले हे प्रकल्प गॅसच्या विक्रीवर उभे राहतील असं समजणं चुकीचं आहे. त्यांची खरी किंमत टाळलेल्या खर्चात आहे: डेपोवर न गेलेला कचरा, न भरलेलं वीजबिल, न वाहून नेलेला गाळ. हे तीन खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकात तीन वेगळ्या खात्यांत लिहिलेले असतात आणि त्यांची बेरीज कुणी मांडत नाही. कुठल्याही आयुक्ताने आपल्या सर्वांत मोठ्या केंद्रापुरती ती बेरीज एकदा मांडायला लावली, तर पुढच्या चर्चेला निदान जमीन मिळेल.

मुंबईत सात नवी मलजल केंद्रं बांधली जात आहेत, एकूण क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर: वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर. यांतल्या वरळी, वांद्रे आणि मालाडच्या आसपास हॉटेलांची दाटी आहे, मासळी बाजार आहेत. बाहेरून आलेला लगदा उतरवून घ्यायची झाकलेली टाकी, करवंट्या आणि पिशव्या वेगळ्या करणारी चाळण, वाळू काढायचा सापळा, टँकर वळवायला जागा आणि वजनकाटा, एवढी सोय काँक्रीट ओलं असताना करून ठेवली, तर तिचा खर्च एकूण खर्चात कुठे दिसणारही नाही. दहा वर्षांनी तीच सोय करायची म्हटली, तर वरळीत टँकर वळवण्यापुरती जागा विकत घ्यावी लागेल.